पाऊण घात

महापेच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक आलेख आहे.
दोन्ही अक्ष लॉगचे, त्यामुळे वीस ग्रॅमचा उंदीर
आणि दहा किलोचा कुत्रा
वीतभर अंतरावर नांदतात,
मधे रॅट, मधे ससा.
चार ठिपके. त्यांतून पट्टी धरून रेघ ओढायची
आणि तशीच पुढे न्यायची, कोऱ्या कागदावर,
सत्तर किलोपर्यंत.
तिथे माणूस.

हा सत्तर किलोचा माणूस मी अजून पाहिलेला नाही.
मी एकसष्ट.
हिराजी मढवी बावन्न, तेही गमबुटांसकट.
कॅन्टीनवाले स्वामी नव्वदच्या पुढे कधीच गेले.

सूत्र सोपं: वजनाचा पाऊण घात.
घात म्हणजे घातांक, जगदाळे मॅडम म्हणाल्या होत्या अकरावीत,
आणि मागचा बाक उगाच हसला होता.
वजन दुप्पट झालं की निचरा दुप्पट होत नाही,
जरा कमी पडतो.
उंदराचं यकृत घाईचं, औषध आलं की लगेच बाहेर,
जणू पाहुण्याला पाणीही विचारायचं नाही.
मोठी शरीरं सावकाश धुतात स्वतःला.

पिंजऱ्यावर नाव लिहायचं नाही असा नियम आहे.
हिराजी लिहीत नाही. हाक मारतो.
सव्वीस नंबर ‘बाल्या’ म्हटल्यावर शेपूट हलवतो
आणि मी वहीत लिहिते: पंधरा मिनिटं, नमुना घेतला.
अर्धा तास, नमुना घेतला.
रविवारी हा माणूस घणसोलीच्या खाडीत निवट्या धरतो.
भरतीचं त्याला तोंडपाठ.
रोज पाऊण तास मागं सरतं पानी, तो म्हणाला,
आणि मी चमकून त्याच्याकडे पाहिलं,
पण तो बादली विसळत होता.

रेघ म्हणाली, माणसात चार तासांत अर्धं उरेल.
आम्ही सह्या केल्या.

रबाळ्याच्या वॉर्डात स्वयंसेवक क्रमांक तीन,
वजन एकोणसाठ,
संमतीपत्र मराठीत, दोन्ही पानांवर सही,
हाताला सुई, समोर कॅरम.
चार तासांनी जवळजवळ सगळं होतं.
बारा तासांनीही.
दुसऱ्या रात्री मी आकडे तीनदा तपासले,
मशीन धुवून घेतलं, मग स्वतःचं तोंड धुतलं.
अर्धं व्हायला एकतीस तास.

माझा ठिपका रेघेच्या खूप खाली, एकटा,
जिन्यावरून घसरलेल्या मुलासारखा.

त्याला काही झालं नाही. हे आधी सांगायला हवं होतं.
घाबरून आम्ही मात्राच दहावा हिस्सा दिली होती.
त्या रेघेत मला आता तेवढंच शहाणपण दिसतं
जे रेघेत नव्हतं.

कारण नंतर सापडलं. आपल्या रक्तातलं एक प्रथिन
या औषधाला धरून ठेवतं, घट्ट,
कुत्र्याचं नाही धरत, सशाचं नाही, उंदराचं तर नाहीच.
यकृताने न्यायला हात पुढे करावा
आणि आतूनच कुणी पदर ओढावा तसं.
हे मी हिराजीला सांगितलं,
का सांगितलं माहीत नाही, तो भुसा बदलत होता.
पोतं खाली ठेवून म्हणाला,
‘मानूस सोरीत नाय गो बाय.
जनावर इसरतं.’
मग बाल्याकडे बघून म्हणाला, ‘ह्यो बी इसरंल मला.’

मुक्काम चार दिवसांनी वाढवला.
नर्स मिंज रोज सकाळी नमुना पाठवते,
आइसबॉक्सवर निळी पट्टी,
आत तीन नंबरचं थोडंसं रक्त.
आज फोनवर म्हणाली, पेशंट नाही म्हणायचं त्याला, माहीत आहे,
पण तो विचारतोय, अजून आहे का माझ्यात?

बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर अडकलेत.
मी आकडा पाहिला.
आहे म्हणावं.
थोडं आहे.